व्यथा आणि चित्ररूप : एडवर्ड मुंकच्या कलेचा विचार

कलावंताची मनोव्यथा आणि त्याची कलाकृती यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा असतो, हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंक (१८६३–१९४४) याच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. मुंक पाच वर्षांचा असताना, १८६८ मध्ये, त्याची आई क्षयाने वारली. १८७७ मध्ये त्याच रोगाने थोरली बहीण सोफी वयाच्या पंधराव्या वर्षी गेली. धाकटी बहीण लाउरा मनोविकाराने ग्रस्त झाली, आणि १९०८ मध्ये स्वतः मुंकला कोपनहेगन येथील डॉ. डॅनिएल याकोबसन यांच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. एवढी सामग्री हाती आल्यावर चरित्रातून चित्राकडे आणि चित्रातून निदानाकडे जाण्याचा मोह समीक्षकाला आवरत नाही. हा मार्ग कितपत विश्वसनीय आहे, याची परीक्षा चित्रांच्याच साहाय्याने केली पाहिजे.

असे निदान मुंकच्या हयातीतच सुरू झाले होते. १८९५ मध्ये क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथे त्याचे प्रदर्शन भरले असता, विद्यार्थी-संघातील चर्चेत योहान शार्फेनबर्ग या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने चित्रांच्या आधारे चित्रकाराच्या मानसिक आरोग्याविषयी शंका व्यक्त केली. ‘किंकाळी’च्या १८९३ च्या आवृत्तीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, हे काम वेड्याखेरीज कोणाच्या हातून होणे शक्य नाही अशा आशयाचे बारीक वाक्य शिसपेन्सिलीने लिहिलेले आहे. ते कोणा संतप्त प्रेक्षकाचे असावे असा तर्क दीर्घकाळ केला जात असे. नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त छायाचित्रांच्या साहाय्याने अक्षराची तुलना केली आणि २०२१ मध्ये ते मुंकचेच असल्याचे जाहीर केले. तथापि अक्षर कोणाचे हे ठरल्याने वाक्य कबुलीचे आहे की उपरोधाचे, हे ठरत नाही. निश्चित आहे ते एवढेच की, ते रंगकाम झाल्यावर लिहिलेले आहे. आणि स्वतःच्या चित्रापासून दूर उभे राहून त्यावर असा शेरा मारू शकणारे मन स्वतःच्या भावनेचे केवळ भक्ष्य झालेले असते, असे म्हणता येत नाही.

‘आजारी मूल’ (१८८५–८६) या चित्रात उशीला टेकलेली तांबूस केसांची मुलगी आणि तिच्याजवळ मान खाली घालून बसलेली स्त्री, एवढाच विषय आहे. त्यामागे सोफीच्या मृत्यूची आठवण आहे. परंतु मृत्यू आणि चित्र यांच्यामध्ये आठ वर्षे लोटली होती. रंगाचे थर चढवणे, ते खरवडणे, पुन्हा चढवणे, या दीर्घ खटाटोपाच्या खुणा पृष्ठभागावर उघड दिसतात. १८८६ च्या प्रदर्शनात चित्र अपुरे म्हणून हिणवले गेले. पुढे सुमारे चाळीस वर्षांत मुंकने याच विषयाची एकूण सहा रंगचित्रे केली. ही पुनरावृत्तीच रोगाचे लक्षण नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु या आवृत्त्या एकसारख्या नाहीत. पहिल्या चित्रातील करडी, खरवडलेली छटा १९०७ मध्ये प्रखर रंगांना आणि मोकळ्या फटकाऱ्यांना जागा देते. १८९६ च्या शिलामुद्रणात तर फक्त मुलीचे मस्तक उरते. दुःख तेच असले तरी दर वेळी सोडवलेला चित्रप्रश्न निराळा आहे.

‘रुग्णशय्येच्या खोलीतील मृत्यू’ (१८९३) या चित्रातील पुरावा अधिक बोलका आहे. प्रसंग १८७७ चा. पण खोलीतील भावंडांची वये मुंकने चित्र रंगवतानाची दाखवली आहेत. मरणारी मुलगी पाठमोऱ्या खुर्चीत जवळजवळ झाकलेली आहे. दृष्टीस पडतात ती एकमेकांकडे न पाहणारी जिवंत माणसे. घडलेली घटना रेखाटणे हा येथे हेतूच नाही. मृत्यू सोळा वर्षांनंतरही त्या कुटुंबात कसा वावरत आहे, हा चित्राचा विषय आहे. हा कालव्यत्यास जाणीवपूर्वक योजलेला आहे.

‘किंकाळी’चीही घडण अशीच टप्प्याटप्प्याने झाली. सूर्यास्तसमयी दोन मित्रांसमवेत चालताना सृष्टीतून किंकाळी जात असल्याचा भास झाल्याची नोंद मुंकने १८९२ मध्ये केली. त्याच वर्षीच्या ‘निराशा’ या चित्रात तेच तांबडे आकाश आणि तोच कठडा आहे. मात्र कठड्याशी टोपी घातलेला, ओळखता येईल असा एक गृहस्थ उभा आहे. त्याच्याविषयी सहानुभूती वाटते, पण ती परक्याविषयीची. पुढील वर्षी ही आकृती प्रेक्षकाकडे वळते आणि टोपी, केस, वय या साऱ्या खुणा गळून पडतात. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत, व्यक्तिविशेषाचा परिहार होऊन भावाचे साधारणीकरण होते. झटका मुंकचा होता. चित्र पाहणाऱ्याचे होते.

या मताविरुद्धचा सर्वांत बलवान साक्षीदार मुंक स्वतःच आहे. भय आणि आजार नसते तर आपले जीवन सुकाणू नसलेल्या नौकेसारखे झाले असते, असा त्याचा अभिप्राय होता. येथे कारण आणि मूल्य यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. व्यथेने त्याला विषय दिला, कदाचित दिशाही दिली. घडण दिली नाही. त्याच घरात, त्याच मृत्यूंच्या छायेत लाउराही वाढली आणि व्याधी तिच्या वाट्याला अधिक कठोरपणे आली. १९०० च्या सुमाराच्या ‘विषण्णता’ या चित्रात ती खोलीत शून्य नजरेने बसलेली आहे. व्याधीतूनच कला निर्माण होते असे मानणाऱ्या समीक्षेला लाउराविषयी काही सांगता येत नाही.

१९०९ मध्ये रुग्णालयातून परतल्यावर मुंकची प्रतिभा मंदावली, हे मतही याच गृहीतकातून येते. त्यानंतरच्या काळात ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहातील अकरा भव्य चित्रे (१९१६) झाली, ज्यांच्या मध्यभागी ‘सूर्य’ आहे. अखेरीस, ‘घड्याळ आणि पलंग यांमधील आत्मचित्र’ (१९४०–४३) यात काटे नसलेले घड्याळ आणि रिकामा पलंग यांच्यामध्ये एक वृद्ध ताठ उभा आहे. त्या चित्रात मृत्यूची जाणीव ‘किंकाळी’इतकीच तीव्र आहे, फक्त आवाज चढलेला नाही. चित्राला रोगलक्षण मानणारा वाचक हे चित्र पाहूच शकत नाही, कारण त्याला शोधायचे असलेले लक्षण तेथे नाही. अशा समीक्षेने रुग्णाची व्यथा केवळ कुतूहलाचा विषय होते आणि कलावंताचे श्रम अदृश्य होतात. चरित्राचा उपयोग जरूर करावा. पण आधी पृष्ठभाग, रेषा आणि आकृतीची मांडणी यांनी काय साधले ते पाहून, मगच.