कार्यअहवाल : एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

निवडणूक जवळ आली की ग्रामीण मतदारसंघांत घरोघर एक पुस्तिका पोहोचते. विद्यमान आमदारांनी पाच वर्षांत काय केले, याचा तो वृत्तांत असतो. कोठे त्यास ‘कार्यअहवाल’ म्हणतात, कोठे ‘लेखाजोखा’, तर कोठे ‘विकासपर्व’. कथा-कादंबऱ्यांची बारकाईने चिकित्सा करणारे आपण ही पुस्तिका न वाचताच रद्दीत टाकतो. हे योग्य नव्हे. ज्या घरांत शालेय पुस्तके आणि भिंतीवरील दिनदर्शिका यांपलीकडे छापील मजकूर क्वचितच जातो, तेथेही ती जाते आणि तिच्या आधारे मत मागितले जाते. म्हणून तिची भाषा, रचना आणि सत्यता तपासणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात कोणा एका आमदाराच्या अहवालाचा समाचार घेण्याचा हेतू नाही. पंचवीस-तीस वर्षे खेड्यापाड्यांत वास्तव्य झाल्याने निरनिराळ्या पक्षांचे जे अहवाल वाचनात आले, त्यांत समान आढळणाऱ्या लक्षणांचा हा विचार आहे.

रचना आणि भाषा

या वाङ्मयप्रकाराची रचना आता जवळजवळ ठरून गेली आहे. मुखपृष्ठावर हात जोडलेली मुद्रा, आत पक्षनेत्यांची छायाचित्रे, तीही मानाच्या क्रमाने, मग ‘मनोगत’, त्यानंतर गावनिहाय कोष्टके. या कोष्टकांत रस्ते, मोऱ्या, सभामंडप, समाजमंदिरे, बंधारे, व्यायामशाळा, स्मशानभूमीतील निवारा आणि चौकातील उंच खांबांवरचे दिवे येतात. प्रत्येकासमोर रुपयांचा आकडा असतो. अखेरीस भूमिपूजनांची छायाचित्रे आणि ‘पुन्हा एकदा सेवेची संधी’ देण्याची विनंती.

भाषेकडे पाहिले तर पहिली गोष्ट जाणवते ती काळाची सरमिसळ. ‘पूर्ण’, ‘प्रगतिपथावर’, ‘मंजूर’ आणि ‘प्रस्तावित’ हे चार शब्द चार निरनिराळ्या अवस्था सांगतात. पहिल्या अवस्थेतील रस्त्यावरून बैलगाडी जाते. चौथ्या अवस्थेतील रस्ता केवळ कागदावर असतो. परंतु कोष्टकाच्या तळाशी बेरीज करताना चारही एकत्र मिळवले जातात आणि त्या बेरजेतून मुखपृष्ठावरचा कोट्यवधींचा आकडा सिद्ध होतो. कादंबरीकाराने असा काळाचा घोटाळा केला असता तर आपण त्यास क्षमा केली नसती.

दुसरे लक्षण ‘पाठपुरावा’ या शब्दाचे. ‘साहेबांच्या अथक पाठपुराव्यामुळे’ हे शब्द या पुस्तिकांत पालुपदासारखे येतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. पाठपुरावा म्हणजे एक पत्र, की मंत्रालयाच्या पन्नास खेपा, हे त्यातून कळत नाही. काम झाले तर ते पाठपुराव्याचे फळ. न झाले तर ‘पाठपुरावा सुरू आहे’. खरे ठरवता येत नाही आणि खोटेही ठरवता येत नाही, असे हे विधान आहे.

कर्ता कोण?

व्याकरणात ज्यास कर्ता म्हणतात, त्याचा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. या पुस्तिकेतील प्रत्येक वाक्याचा कर्ता एकच असतो. वस्तुस्थिती काय आहे? आमदार स्थानिक विकास निधी हा शासनाच्या तिजोरीतील पैसा आहे. राज्यात तो २०२० पर्यंत प्रतिवर्षी दोन कोटी रुपये होता. २०२२ साली तो पाच कोटींवर नेण्यात आला. या निधीतील कामे आमदार सुचवतात. मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम शासकीय यंत्रणा करवून घेते. हा निधी वगळला तर उरलेली बहुतेक कामे आणखी दूरची असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना केंद्र शासनाने २००० साली सुरू केली. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या हक्काचा असतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना स्वतःचे घटनात्मक स्थान दिले आहे. तरीही गावाबाहेरची एकच मोरी सरपंचांच्या फलकावर, जिल्हा परिषद सदस्यांच्या पत्रकात, आमदारांच्या अहवालात आणि खासदारांच्या पुस्तिकेत चार वेळा बांधली जाते.

यात नुसती आत्मस्तुती असती तर हसून सोडून देता आले असते. परंतु या वाक्यरचनेत करदाता कोठेच नाही. दुकानातून साबणाची वडी घेताना कर भरणारी मजूर बाई या वाक्यात येते ती ‘लाभार्थी’ म्हणून. जिच्या पैशातून रस्ता झाला, तिला त्या रस्त्याबद्दल आभार मानावे लागतात. व्याकरणातील ही उलटापालट अखेरीस मनातही उतरते, आणि मत हे निवडीचे साधन न राहता उपकाराची परतफेड होऊन बसते.

जे लिहिले जात नाही

कोणत्याही लेखनाची परीक्षा त्यात काय आहे यावरून जशी होते, तशी काय गाळले आहे यावरूनही होते. आमदार हा मूलतः विधिमंडळाचा सदस्य. कायदे करणे, अर्थसंकल्पास संमती देणे, तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व कपातसूचना यांद्वारे शासनास जाब विचारणे आणि समित्यांमध्ये बसून हिशेब तपासणे हे त्याचे काम. बहुतेक अहवालांत या कामाला मिळते ते भाषण करतानाचे एखादे छायाचित्र. कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, हे मतदारास कळत नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सदस्य बहुधा पक्षादेशानुसार मत देतो, हेही खरे. मग भूमिका सांगायची तरी कोणती, असा संकोच होत असावा. मात्र २०२२ आणि २०२३ या वर्षांत महाराष्ट्रातील दोन पक्ष फुटले तेव्हा अनेक आमदारांनी बाजू बदलण्याचे कारण म्हणून मतदारसंघाचा विकासच पुढे केला. म्हणजे जो शब्द अहवालात कामांची यादी सांगतो, तोच शब्द निष्ठाबदलाचे समर्थनही करतो.

विधिमंडळातील कामाचे मोल केवढे असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ साली, दुष्काळाच्या काळात, ती योजना राज्यभर लागू झाली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क ग्रामीण माणसास कायद्याने मिळाला. पागे यांना विधानसभेच्या मतदारासमोर जायचे नव्हते, हे मान्य. पण विधानसभेतील ज्या सदस्यांनी या कायद्यास आकार दिला, त्यांना ते कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात लिहिता आले असते? या कामाचे भूमिपूजन होत नाही.

सांगोल्याचे उदाहरण

दीर्घकाळ निवडून येणाऱ्या आमदाराची कामगिरी कशी वाचावी, हे पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याकडे वळू. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख येथून १९६२ साली प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा विधानसभेत गेले. एवढ्या दीर्घ काळात ते मंत्री झाले ते १९७८ आणि १९९९ साली, अल्पकाळ. बाकी बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती होती. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची कारकीर्द रूढ अहवालाच्या साच्यात बसवू गेल्यास अडचण येते. सांगोला हा अवर्षणप्रवण तालुका. त्याचा मुख्य प्रश्न पाण्याचा. १९९३ साली आटपाडीत सुरू झालेल्या पाणी संघर्ष चळवळीत सांगली, सातारा व सोलापूर या तीन जिल्ह्यांतील दुष्काळी तालुके एकत्र आले. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे तिच्या नेतृत्वात होते. कृष्णेचे पाणी उचलून वर आणणाऱ्या टेंभू योजनेस १९९६ साली मंजुरी मिळाली. पाणी टप्प्याटप्प्याने पोहोचावयास त्यानंतर बरीच वर्षे गेली. हे काम कोणाचे? कोणत्या पाच वर्षांचे? दरवर्षी भरणाऱ्या परिषदा, तेथे बसलेले हजारो शेतकरी, शासनात बदलत गेलेले पक्ष, अभियंते, या सर्वांचे ते काम आहे. एका कर्त्याचे वाक्य येथे खोटे ठरते. सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभे राहिले तेही शेतकऱ्याने एकेका रोपास थेंबाथेंबाने पाणी घालून.

आणि तरीही केवळ कामगिरीवर निवडणूक जिंकता येते असे हे उदाहरण सांगत नाही. १९७२ साली देशमुख पराभूत झाले. १९९५ साली पुन्हा, तेव्हा अवघ्या १९२ मतांनी, शहाजीबापू पाटील यांच्याकडून. १९९९ साली त्याच मतदारांनी त्यांना परत पाठवले. देशमुख स्वतः उभे नसलेल्या २०१९च्या निवडणुकीत पाटील यांनी त्यांच्या नातवाचा हजाराहून कमी मतांनी पराभव केला. २०२४ साली दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, पाटील यांना हरवून निवडून आले. आजोबांचे नाव नातवाच्या उपयोगी पडले नाही असे कोण म्हणेल? कामगिरीदेखील वारसाहक्काने मिळू लागली तर अहवालाचे मूळ प्रयोजनच हरवते, हा प्रश्न सांगोल्यासही लागू आहे. मात्र येथील मतदार चोपडी उघडून उपकार मोजीत बसला नाही, एवढे या निकालांवरून दिसते. तीन दशकांचा परिचय असलेल्या माणसासही त्याने घरी बसवले आणि पुन्हा बोलावले.

वाचकाची बाजू

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. पावसाळ्यात ज्या पाड्याचा संपर्क तुटतो, तेथील माणसाला कपातसूचनेचे कौतुक कशासाठी असावे? बाळंतिणीला झोळीतून रुग्णालयात न्यावे लागते त्या गावास रस्ताच हवा असतो आणि तो मिळवून देणारा आमदार त्यास आपला वाटतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोष्टकातील मोरी क्षुद्र नाही. तहसील कार्यालयातील अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो म्हणून लोक आमदारांच्या दारी जातात. ते दार उघडे असणे हीदेखील कामगिरीच होय.

परंतु नियमाने मिळावयाचा रस्ता कृपेने मिळत असेल, तर ज्या गावाने मत दिले नाही त्याचे काय? गावनिहाय कोष्टक वाचताना मी नेहमी न छापलेली गावे शोधतो. आणि मोठ्या प्रकल्पाबद्दल वाचताना विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आठवते. ज्या धरणाची भिंत एखाद्या अहवालाचे मुखपृष्ठ सजवते, त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची कहाणी १९९१ साली या कादंबरीने सांगितली. एकाच घटनेचे हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे अहवालात कोणाचा आवाज नाही ते कळते.

म्हणून पुढील वेळी ही पुस्तिका दारात येईल तेव्हा ती टाकून न देता पेन्सिल घेऊन वाचावी, अशी वाचकांना विनंती आहे. यांतील किती कामे ‘पूर्ण’ आणि किती ‘मंजूर’? पैसा कोणत्या खात्याचा? कोणती गावे यादीत नाहीत? पाच वर्षांत सभागृहात कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या कायद्यास काय मत दिले? उत्तरे समासात लिहावीत आणि उमेदवार प्रचारास आले की ती पुस्तिका त्यांच्यासमोर धरावी. चांगल्या वाचकांमुळे लेखन सुधारते, असा वाङ्मयाच्या इतर प्रकारांचा अनुभव आहे. या प्रकारास तसा वाचक अद्याप पुरेसा मिळालेला नाही.