एमी वाइनहाउस : मृत्युलेखांतून सुटलेलं गाणं

एमी वाइनहाउस २३ जुलै २०११ रोजी लंडनच्या कॅम्डन भागातल्या आपल्या घरात मृतावस्थेत सापडली. वय २७. त्यानंतर तिच्यावर जे लिहिलं-बोललं गेलं, ते मी जमेल तेवढं जमवत आले. मृत्युलेख, पुस्तकं, सहकाऱ्यांच्या मुलाखती आणि आसिफ कपाडियांचा २०१५चा ‘एमी’ हा माहितीपट, असं सगळंच त्यात आहे. या सामग्रीत दारू आहे, अमली पदार्थ आहेत, मोडलेलं लग्न आहे, दाराशी ठिय्या देऊन बसलेले छायाचित्रकार आहेत, काजळाची लांब रेघ आणि डोक्यावरचा तो उंच केशसंभारही आहे. गाणं मात्र फार थोडं आहे. जिथे आहे तिथे ते पुराव्यादाखल येतं : बघा, तिनं स्वतःच सांगून ठेवलं होतं! ‘रिहॅब’ या गाण्याचा तर जवळजवळ पोलिसी जबाब झाला आहे. माझी हरकत या वाचनाला आहे.

आधी ‘२७च्या क्लब’चा निकाल लावू. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन हे सगळे २७व्या वर्षी गेले. एमीची बातमी आली आणि तिचं नावही लगोलग त्या यादीत जाऊन बसलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं एक अभ्यास छापला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अशा १,०४६ कलावंतांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. २७ या वयाशी मृत्यूचं काही खास नातं आढळलं नाही. विशी-तिशीत मात्र हे लोक सर्वसामान्यांपेक्षा जास्त मरतात, असं दिसलं. म्हणजे धोका आकड्यात नव्हता, पेशात होता. पण नशिबाची गोष्ट सांगितली की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. न्यायिक चौकशीत नोंदलं गेलं ते इतकंच : १०० मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल. तिथे गाडी चालवणाऱ्यासाठीची मर्यादा ८० आहे. तिच्या भावानं पुढे एका मुलाखतीत तिच्या बुलिमियाबद्दल सांगितलं. खाल्लेलं ओकून टाकण्याच्या त्या आजारानं शरीर आधीच पोखरलेलं होतं.

आता गाण्याकडे येते.

२००६चा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम सुमारे पस्तीस मिनिटांचा आहे. सलाम रेमी आणि मार्क रॉन्सन या दोन निर्मात्यांनी तो तिच्याबरोबर घडवला. त्यातलं ‘टियर्स ड्राय ऑन देअर ओन’ एमीनं मुळात संथ, रडवेल्या चालीत बांधलं होतं. रेमीनं त्याची लय वाढवली आणि खाली १९६७ साली मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी गायलेल्या ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ची स्वरसंगती घातली. जुनं गाणं सांगतं की कुठलाही डोंगर मला तुझ्यापर्यंत येण्यापासून अडवणार नाही. नवं गाणं सांगतं की तो गेला आणि आता माझं मलाच सावरायचं आहे. ज्याला जुनं गाणं ठाऊक आहे त्याला दोन्ही एकदम ऐकू येतात, खाली वचन आणि वर वचनभंग. ही गोष्ट नुसत्या रडण्यातून साधत नाही. त्यासाठी जुनी गाणी घोटलेली असावी लागतात, आणि घरातल्या जॅझ रेकॉर्डवर वाढलेल्या या मुलीनं ती घोटली होती. सारा व्हॉन आणि डायना वॉशिंग्टन तिच्या कानात मुरलेल्या होत्या.

‘यू नो आय अ‍ॅम नो गुड’मध्ये तिनं परपुरुषाकडे जाऊन आलेल्या बाईची कबुली लिहिली आहे. पण कबुलीचा क्षण बघा. बाई टबात पाय भिजवत बसली आहे, शेजारी तिचा माणूस आहे, आणि त्याला तिच्या अंगावर गालिच्यानं सोललेली कातडी दिसते. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चांगला कथाकार जिथे थांबेल तिथेच ती थांबते. हे लिहिताना ती तेवीस वर्षांचीही नव्हती.

आणि लय. एमी ठेक्याच्या किंचित मागून गाते. शब्द आता यायला हवा होता असं वाटतं, तो येत नाही, आणि मग अशा जागी येतो की तीच त्याची जागा होती हे पटतं. मैफली ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हे समजावून सांगायला नको. गायकाची सम चुकली की त्यानं ती मुद्दाम लांबवली, हे आपल्याला मान हलण्याआधी कळतं. त्या कानानं ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ ऐकावं. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं, साधे शब्द, आवाज कुठेही वर चढवलेला नाही. बिलि हॉलिडेच्या घराण्यातलं हे गाणं आहे, असं मी बेधडक म्हणेन.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. हे सगळं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत आहे, उत्तर लंडनच्या ज्यू मुलीनं ते उचललं आणि नाव कमावलं. रॉन्सनच्या गाण्यांत वाजवणारा डॅप-किंग्ज हा वाद्यवृंद मूळचा शॅरन जोन्स या गायिकेचा. जोन्सनं तुरुंगात पहारेकरीण म्हणून नोकरी केली, चाळिशीत तिच्या नावाची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि एमीच्या वाट्याला आलं तेवढं जग तिच्या वाट्याला २०१६ साली मरेपर्यंत आलं नाही. हा अन्याय खरा आहे. पण तो बाजाराचा हिशेब आहे. एमीनं आपलं कर्ज लपवलं नाही, आणि लिहिताना उसनी अमेरिका न लिहिता लंडनच्या मुलींची तोंडाळ बोली लिहिली. जोन्स ऐकाच, पण एमीला बाजूला सारून नव्हे.

दुसरा गैरसमज तिच्या चाहत्यांचा आहे. दुःखानं आणि नशेनं तिला ही गाणी दिली, असं ते प्रेमानं म्हणतात. तारखा काही वेगळं सांगतात. ‘फ्रँक’ २००३चा, ‘बॅक टू ब्लॅक’ २००६चा. नशेनं तिला पुरतं गिळलं ते त्यानंतर. २००८च्या फेब्रुवारीत तिला पाच ग्रॅमी मिळाले. अमेरिकेचा व्हिसा वेळेत न मिळाल्यामुळे त्या रात्री तिनं लंडनहून उपग्रहामार्फत गाणं केलं. मृत्यूपर्यंत तिसरा अल्बम आला नाही. नशा गाणी देत असती, तर ही वर्षं भरभराटीची ठरायला हवी होती. प्रेमभंगाचा माल तिच्याकडे होता, हे कबूल. तो शहरातल्या अर्ध्या लोकांकडे असतो.

माझे एक मामा संगीत नाटकांना पायपेटीची साथ करत. तेराव्याच्या पंगतीत त्यांच्या दारूचेच किस्से निघाले. हात कसा चालायचा, याबद्दल एकही माणूस बोलला नाही. एमीचे मृत्युलेख वाचताना मला ती पंगत आठवते. रागाचं खरं कारण कदाचित तेच असेल.

दोन चित्रफिती शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली १८ जून २०११, बेलग्रेड. एमी मंचावर झोकांडते, शब्द विसरते, लोक हुर्यो उडवतात. ती फीत जगभर फिरली. दुसरी तिच्या तीनच महिने आधीची, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या टोनी बेनेटबरोबर ती ‘बॉडी अँड सोल’ गाते आहे. ती घाबरलेली आहे, मध्येच थांबते, स्वतःवर वैतागते. बेनेट तिला शांतपणे धीर देतो. मग ती पुन्हा सुरू करते आणि जमतं. त्याच ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी मिळाला. बेनेटनं तिला एला फिट्झेराल्ड आणि बिलि हॉलिडे यांच्या पंक्तीत बसवलं, आणि त्या दोघींना ऐकत म्हातारा झालेल्या माणसाचं हे मत आहे. विशेष म्हणजे तो स्वतः तरुणपणी नव्हे, पन्नाशीत कोकेनच्या पायी मरता मरता वाचला होता. पुढे शहाण्णव वर्षं जगला.

मृत्यूनंतर त्याच वर्षअखेरीस ‘लायनेस’ नावाचा उरल्यासुरल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला. त्यात चांगलं आहे, भरतीचंही आहे. २०१५ साली तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखानं सांगितलं की तिसऱ्या अल्बमसाठी केलेले तिचे कच्चे खर्डे त्यानं नष्ट केले, कोणी ते कधीच बाजारात आणू नयेत म्हणून. संशोधक म्हणून मला हे वाचून पोटात दुखलं. एखादा अर्धा मुखडा, नुसत्या गिटारवरची एखादी चाल, तिनं गाळलेला एखादा अंतरा हाती लागावा म्हणून मी काय दिलं नसतं! पण तिला आपलं अपुरं काम कोणी ऐकलेलं खपत नसे. अ‍ॅबी रोडच्या त्या चित्रफितीत बेनेटला चालणारं गाणंही तिला चालत नव्हतं. खर्डे गेले ते बरंच झालं, असं मला वाटतं. तिनं पुरी करून हातावेगळी केलेली दोन अल्बमांची गाणी आहेत, आणि तीच अजून नीट ऐकून झालेली नाहीत.