देवस्थानाची मालकी आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न : पंढरपूरच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या धार्मिक व सांस्कृतिक जीवनात पंढरपूरच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराचे स्थान अनन्यसाधारण आहे. आषाढी-कार्तिकीला ज्या देवाच्या ओढीने लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमतात, त्या देवाच्या मंदिरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ न्यायालयाच्या दारात उभा होता. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे व उत्पात यांचा वंशपरंपरागत हक्कांचा दावा फेटाळला आणि या वादावर पडदा पडला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या निकालाने मालकीचा प्रश्न सुटला. परंतु देवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

देव : कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती :

हिंदू देवस्थानांच्या वादांत भारतीय न्यायालयांनी एक महत्त्वाची संकल्पना स्वीकारली आहे. प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' असून देवस्थानची मालमत्ता तिच्याच मालकीची असते. डाकोरच्या रणछोडराय मंदिरातील सेवकांनी देवापुढील उत्पन्नावर स्वतःचा हक्क सांगितला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये तो अमान्य करून त्यांना विश्वस्ताप्रमाणे उत्तरदायी ठरविले. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मलिक खटल्यात देवतेचे कायदेशीर व्यक्तित्व अधिक स्पष्टपणे मांडले.

तथापि देव स्वतः न्यायालयात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने व्यवहार पाहणारा मनुष्य लागतोच. बंगालमध्ये अशा व्यक्तीस 'सेवाईत' म्हणतात. १९५१ च्या अंगुरबाला मलिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेवाईतपदात 'पद' आणि 'मालमत्ता' या दोन्ही अंगांचा संगम असल्याचे मान्य केले. देवस्थानांच्या अनेक वादांचे मूळ या द्वैतात आहे. सेवा हे कर्तव्य असले, तरी ती पिढ्यानपिढ्या एका घराण्यात राहिली की तिला वतनाचे रूप येते, आणि मग देवाचा सेवक देवाचा वाटेकरी बनतो.

बडवे, उत्पात आणि सेवाधारी :

पंढरपुरात हे रूपांतर ठळकपणे दिसते. विठ्ठल मंदिराची व्यवस्था बडव्यांकडे, तर रुक्मिणी मंदिराची उत्पातांकडे होती. पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे हे सात सेवाधारी होते. पूजा, मंत्रपठण, पाणी आणणे, कीर्तन, देवाला आरसा दाखविणे, दिवटी धरणे, चोप धरणे अशी कामे त्यांच्यात वाटलेली होती. ही रचना मुळात सेवेची आहे. परंतु प्रत्येक सेवेला उत्पन्न जोडलेले असल्याने सेवेचा तंटा हा उत्पन्नाचाही तंटा झाला. बडवे आणि सेवाधारी यांच्यातील कलह एकोणिसाव्या शतकातच न्यायालयात पोहोचले होते.

या सर्व दाव्यांत भाविक पक्षकार नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. चोखामेळ्याच्या नावावरील अभंगांत बडव्यांच्या मारहाणीची तक्रार येते. १९४७ मध्ये अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. म्हणजे भाविकाचा हक्क प्रथम अभंगात आणि नंतर सत्याग्रहात व्यक्त झाला. वहिवाटीच्या दाव्यांत त्याला स्थान नव्हते.

१९७३ चा कायदा :

भाविकांच्या गैरसोयींविषयीच्या तक्रारी वाढल्यानंतर शासनाने १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ संमत झाला. या कायद्याने बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क नष्ट करून मंदिराची व्यवस्था शासननियुक्त समितीकडे सोपविली. न्यायालयीन लढ्यामुळे प्रत्यक्ष अंमलबजावणी रेंगाळली. समितीने १९८५ मध्ये कारभार हाती घेतला आणि अंतिम निर्णयास २०१४ साल उजाडले. त्यानंतर मंदिर समितीने पुजारीपदासाठी स्त्रियांसह सर्व जातींतील उमेदवारांकडून अर्ज मागविले. या घटनेचे सामाजिक मोल निर्विवाद आहे.

दोन निकाल, दोन दिशा :

योगायोगाने त्याच जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिदंबरमच्या नटराज मंदिराविषयी निराळा निर्णय दिला. तेथील पोदु दीक्षितर हा स्वतंत्र धार्मिक संप्रदाय असल्याने त्यांना संविधानाच्या अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, गैरव्यवस्था दूर करण्यासाठी शासनाने कारभार हाती घेतला तरी तो कायमचा असू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरातही त्रावणकोर राजघराण्याचे सेवाईतपण मान्य झाले.

या निकालांत वरवर विसंगती दिसते. परंतु दीक्षितरांचा हक्क संप्रदायाचा मानला गेला, तर बडव्यांचा दावा वंशाचा होता. १९७२ च्या शेषम्माळ खटल्यापासून पुजाऱ्याची वंशपरंपरागत नियुक्ती ही धर्माची नव्हे, तर ऐहिक व्यवस्थेची बाब मानली गेली आहे. त्यामुळे पंढरपूरचा निकाल तर्कशुद्ध ठरतो.

मात्र येथेच एक दुवा निसटलेला आढळतो. वंशपरंपरागत हक्क नष्ट करणे आणि मंदिर शासननियुक्त समितीकडे कायमचे सोपविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या समर्थनार्थ दिलेली कारणे दुसरीला आपोआप लागू होत नाहीत. चिदंबरमच्या निकालातील कालमर्यादेचे तत्त्व संप्रदायाच्या हक्कातून आले आहे. पंढरपुरात संप्रदाय आहे, तो म्हणजे वारकऱ्यांचा. पण मंदिराची वहिवाट त्याच्याकडे कधीच नसल्याने त्या तत्त्वाचा लाभ त्याला मिळत नाही. ज्यांच्याकडे वहिवाट होती त्यांच्यापाशी संप्रदायाचा आधार नाही आणि ज्यांच्यापाशी संप्रदाय आहे त्यांच्याकडे वहिवाट नाही, असा हा पेच आहे. २०१७ मध्ये समितीच्या नेमणुकीनंतर पुरेसे प्रतिनिधित्व न मिळाल्याची तक्रार वारकरी संघटनांनी केली, ती या पेचातूनच. २०२३ मध्ये याच अधिनियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, यावरूनही वाद पूर्णतः शमलेला नाही हे स्पष्ट होते.

अर्थात 'वारकरी' हा एकसंध घटक नाही. फड, दिंड्या व मठ यांच्या परंपरा भिन्न आहेत. त्यांच्यापैकी कोणाला प्रतिनिधी मानावे, हा प्रश्न अवघडच आहे. परंतु प्रश्न अवघड आहे म्हणून त्याचे उत्तर सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर सोडावे, असे होत नाही. तसे झाल्यास वंशाची मक्तेदारी जाऊन तिच्या जागी नियुक्तीची मक्तेदारी येण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :

देवस्थानची मालमत्ता देवाची आहे, हे तत्त्व न्यायालयांनी दृढ केले आणि त्यामुळे सेवेचे वतन करणाऱ्यांचा दावा संपुष्टात आला. हे यश मोठे आहे. परंतु मालक ठरल्याने प्रतिनिधी ठरत नाही. फड व दिंड्यांना समितीवर निश्चित स्थान, सदस्यनिवडीचे जाहीर निकष आणि भाविकाला हिशेब विचारण्याचा सुलभ अधिकार या गोष्टी कायद्यातच स्पष्ट व्हावयास हव्यात. पंढरपूरच्या वादात शतकानुशतके जो पक्षकार नव्हता, त्या भाविकाला स्थान मिळाल्याखेरीज हा वाद खऱ्या अर्थाने मिटला असे म्हणता येणार नाही.