अर्जातील वेदना आणि स्वकथनातील वेदना

दलित स्वकथनांवर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले. त्यांना आत्मचरित्र म्हणावे, आत्मकथन म्हणावे की स्वकथन, यावरच कितीतरी शाई खर्ची पडली. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या मुलामुलींकडून एक नवीच आत्मकथा लिहून घेतली जात आहे आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष गेलेले नाही. ती कुठे छापली जात नाही. स्वयंसेवी संस्थांच्या इंटर्नशिपसाठी, फेलोशिपसाठी जो अर्ज भरावा लागतो त्यात ती असते. 'आपण मात केलेल्या एका कठीण प्रसंगाचे तीनशे शब्दांत वर्णन करा.' तीनशे शब्द झाले की रकाना पुढचे अक्षर घेत नाही.

मी मराठवाड्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. दरवर्षी असे चार-सहा अर्ज माझ्या हाताखालून जातात. विद्यार्थी असताना मीही अशा एका निवडीतून गेलो आहे. आधी अर्ज, मग फोनवर मुलाखत, मग पुण्याला दिवसभर गटचर्चा आणि पुन्हा मुलाखत. काम दोन महिन्यांचे, विद्यावेतन नाही, जाण्यायेण्याचा खर्च उमेदवाराचा. गटचर्चेचा विषय होता ग्रामीण शिक्षण. सातजण त्यावर इंग्रजीतून बोलले. त्या खोलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मी एकटा होतो, आणि सर्वांत कमी बोलायला मिळाले तेही मलाच. माझी निवड झाली नाही. (झाली असती तरी पुण्यात दोन महिने बिनपगारी राहण्याची सोय कोण करणार होते, हा प्रश्न होताच.) मराठीत उमेदवारी म्हणजे निवडीला उभे राहणे आणि उमेदवारी म्हणजे बिनपगारी काम शिकणे. हे दोन्ही अर्थ मला त्या एका दिवसात कळले.

पण माझा मुद्दा इंग्रजीचा किंवा पैशाचा नाही. त्यावर बोलणारे बोलतात. माझा मुद्दा त्या तीनशे शब्दांच्या घाटाचा आहे.

या लेखनाचा साचा पक्का आहे. आधी अंधार, मग एखादे वळण, मग उजेड. नायक एकटाच. त्याच्या वाट्याला आलेले दुःख पावसासारखे आकाशातून पडलेले असते. ते कोणी दिले हे सांगायला जागा नसते आणि कोणी विचारतही नाही. विचारतात ते एवढेच, की यातून तुम्ही काय शिकलात?

याच्या शेजारी आपली स्वकथने ठेवून पाहावीत. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकलेल्या दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे. नोकरी मिळाली, शहर मिळाले, तरी ते जुळत नाहीत. अर्जाच्या भाषेत 'मात' म्हणतात ती या पुस्तकात कुठे आहे? १९८६ च्या 'जिणं आमुचं'मध्ये बेबीताई कांबळे 'मी' फार थोडे म्हणतात. तिथे बोलतो तो महारवाडा, त्यातल्या बायका. हे लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. मागितले म्हणून दिलेले ते नव्हे. आपल्या स्वकथनांतील वेदनेला आरोपी आहे. अर्जातील वेदनेला नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील नायकाला निवाऱ्यासाठी जात लपवावी लागली. आजच्या अर्जदाराने दारिद्र्य उघडे करायचे, पण ज्यांनी ते लादले त्यांची नावे मात्र चोरायची.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने असा अर्ज भरला. आईवडील ऊसतोड कामगार. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. ते पाच-सहा महिने धाकट्या तीन भावंडांचे रांधणे, शाळा, दुखणेखुपणे, किराण्याची उधारी हे सगळे हिच्या अंगावर, वयाच्या तेराव्या वर्षापासून. 'नेतृत्वाचा अनुभव' या रकान्यात तिने लिहिले होते: नाही. मी विचारले, तर म्हणाली, "सर, ते घरातलं काम आहे." कठीण प्रसंगाच्या रकान्यात मात्र तिने उचलीचा सगळा हिशोब मांडला होता. फोनवर तिला तोच प्रश्न आला, यातून तू काय शिकलीस? तिने उत्तर दिले, "उचल फिटत नाही, हे शिकले." पुढच्या फेरीचे बोलावणे आले नाही. का, ते कळवण्याची पद्धत नाही. त्या उत्तरानेच तिला वगळले असे मी म्हणणार नाही; पण वाङ्मय म्हणून पाहिले तर त्या अर्जातले सर्वांत खरे वाक्य तेच होते.

हा साचा कोणाच्या दुष्टपणातून आलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे लावून दिले. पैसा देणाऱ्याला अहवाल लागतो, अहवालाला गोष्ट लागते, आणि गोष्टीचा शेवट गोड लागतो. उलट सरकारी नोकरीत कलम १६(४) खाली राखीव जागा मिळते ती घरातले रडगाणे सांगून नव्हे. तो हक्क आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले तेव्हा पुढे दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. अट होती, पण ती कागदावर होती, दोन्ही बाजूंना वाचता येत होती.

माझे एक सहकारी म्हणतात, या संस्थांनी आपल्या काही मुलांना वर काढले, तुम्ही घाट आणि साचा घेऊन बसलात. मुले वर आली हे खरे आहे. त्यातली दोन माझीच आहेत. म्हणूनच मी अर्ज भरू नका असे कोणाला सांगत नाही. आणि साचा फक्त त्यांचाच आहे असेही नाही. आपल्या गुणगौरव सोहळ्यांतली 'झोपडीतून कचेरीत' छापाची भाषणे काढून पाहावीत, तिथेही आरोपी गायब असतो.

मागणे साधे आहे. दुःखाचा रकाना काढून टाकावा, केलेल्या कामाचा ठेवावा, आणि त्यात घर चालवणे धरावे. मराठीत लिहू द्यावे. मुलाखतीला बोलावले तर भाडे द्यावे. नाकारले तर कारण द्यावे.

आपल्या बाजूचे कामही आहे. अध्यापकांनी हे अर्ज फेकून देऊ नयेत. विद्यार्थ्यांच्या संमतीने, नावे वगळून, ते जमवावेत, आणि एखाद्या नियतकालिकाने त्यांतले निवडक छापावेत, म्हणजे त्यांची समीक्षा तरी करता येईल. माझ्याजवळ अकरा अर्ज आहेत. ज्यांचे आहेत त्यांना विचारून द्यायला मी तयार आहे.