जुन्या अग्न्यस्त्रांच्या किमती व नित्योपयोगी वस्तूंचे भाव : एका तुलनेची चिकित्सा

जुन्या बंदुका व पिस्तुले यांच्या वाढत्या किमतींची धान्य, कापड वा इंधन यांच्या भावांशी तुलना करून अशा वस्तूंत गुंतविलेला पैसा सर्वांत सुरक्षित होय, असा निष्कर्ष वारंवार मांडण्यात येतो. या निष्कर्षामागील पद्धती कितपत ग्राह्य आहे, हे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेत १८४७ साली सॅम्युएल कोल्ट याने सैन्यासाठी १,००० ‘वॉकर’ पिस्तुले बनविण्याचा करार केला. दर नगास सुमारे २५ डॉलर पडत. याखेरीज १०० पिस्तुले खाजगी ग्राहकांसाठी तयार झाली. २०१८ साली एक वॉकर पिस्तूल लिलावात १८ लक्ष ४० हजार डॉलरला विकले गेले. म्हणजे मूळ दराच्या सुमारे ७३,६०० पट. याच काळात अमेरिकेतील सामान्य किंमतपातळी सुमारे तीसपट वाढली. या दोन आकड्यांतील तफावत पाहून वाचक थक्क होतो. परंतु तुलनेचे दोष येथेच दडलेले आहेत.

पहिला दोष वस्तूच्या एकत्वाविषयीचा. विकले गेलेले पिस्तूल सरकारी करारातील नव्हते, तर त्या १०० खाजगी नगांपैकी एक होते, आणि ते मूळ पेटीसह सुरक्षित राहिले होते. सैन्याच्या दराशी त्याची तुलना करणे म्हणजे दोन भिन्न वस्तू एकाच पारड्यात घालणे होय. दुसरा दोष निवडीचा. झिजलेली, मोडलेली वा हरवलेली पिस्तुले या हिशेबात येतच नाहीत. उरलेल्यांतील सर्वोत्तम नगावरून सर्वांची किंमत ठरविली जाते. २०२१ साली पॅट गॅरेटचे कोल्ट पिस्तूल साठ लक्ष डॉलरहून अधिक किमतीस गेले. १८८१ साली त्याने ‘बिली द किड’ यास त्याच पिस्तुलाने ठार केले होते. ही किंमत लोखंडाची नव्हे, त्या घटनेची होती. तिसरा दोष काळाचा. ७३,६०० पट हा आकडा १७१ वर्षांत पसरविल्यास चक्रवाढीचा वार्षिक दर केवळ पावणेसात टक्क्यांच्या आसपास भरतो. त्यातून जतन, विमा व लिलावगृहाची दलाली वजा करावयाची राहतेच.

मूलभूत आक्षेप मात्र याहून खोल आहे. गहू दरवर्षी नव्याने पिकतो. त्याच्या भावात उत्पादनखर्च प्रतिबिंबित होतो. जुन्या पिस्तुलाचा पुरवठा कायमचा थांबलेला असतो. त्याची किंमत केवळ संग्राहकांच्या मागणीवर ठरते. अमेरिकेचा ग्राहक-किंमत निर्देशांक १९१३ पासूनचा आहे. त्यापूर्वीची साखळी विखुरलेल्या नोंदींवरून जोडलेली आहे. फेल्प्स ब्राऊन व शीला हॉपकिन्स यांनी १९५६ साली इंग्लंडमधील सात शतकांच्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही वस्तुसमूहांचे प्रमाण कायम ठेवून त्यांतील वस्तू काळानुसार बदलाव्या लागल्या. उपयुक्ततेचे सातत्य राखणे हे त्या पद्धतीचे मर्म होय. आज संग्रहात ठेवलेले पिस्तूल शस्त्राचे कार्य करीत नाही. म्हणून हे सातत्य येथे खंडित झालेले असते.

तुलना करावयाचीच, तर ती त्या त्या काळच्या वेतनाशी करावी. १८४७ मध्ये अमेरिकन पायदळाच्या शिपायास मासिक ७ डॉलर मिळत. अर्थात वॉकर म्हणजे साडेतीन महिन्यांचे वेतन. १८७३ मध्ये सैन्याने कोल्टचे नवे पिस्तूल सुमारे १३ डॉलरला घेतले, आणि तेव्हा शिपायाचे मासिक वेतनही १३ डॉलरच होते. शिपायास अन्नवस्त्र वेगळे मिळे आणि दोन्ही पिस्तुले घडणीने भिन्न होती, हे लक्षात घेऊनही शस्त्र वेतनाच्या मानाने स्वस्त झाले, हा निष्कर्ष टिकतो. यंत्रोत्पादनाच्या इतिहासास तो उपयुक्त आहे. लिलावातील विक्रमी आकडे मात्र संग्रहरुचीच्या इतिहासाची साधने होत. भावांच्या इतिहासात त्यांना पुरावा म्हणून स्थान देता येणार नाही.