वस्तीतले चित्रमंडळ

आपल्या वस्तीत चार समानशील माणसांनी एकत्र येऊन चित्रमंडळ काढावे, महिन्यातून एकदा चांगला चित्रपट दाखवावा आणि त्यावर मनमोकळे बोलावे, ही कल्पना ऐकावयास फार गोड वाटते. अशा एका मंडळाच्या खटाटोपात प्रस्तुत लेखकाची तीन वर्षे गेली आहेत. तेव्हा त्या गोडीविषयी दोन कडू शब्द लिहिण्याची मुभा वाचक देतील, अशी आशा आहे.

ह्या उद्योगाची परंपरा थोर आहे. १९२५ साली लंडनला फिल्म सोसायटी निघाली. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त व त्यांचे स्नेही ह्यांनी कलकत्त्यास आपली सोसायटी स्थापिली, आणि आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ने तिचा प्रारंभ केला. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला, १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. परंतु ह्या चळवळीचे अन्न कोणते होते? दुर्मिळपणा. जो चित्रपट बाजारातल्या चित्रगृहात येणे शक्य नव्हते, तो येथे दिसे. आणि कात्री न लागता दिसे. (केवळ ह्या दुसऱ्या गुणासाठी वर्गणी भरणारे सभासदही होते, हे चळवळीचे इतिहासकार जरा हळू आवाजात सांगतात.) पुढे व्हिडिओ आला, मग तबकड्या, आता तर खिशातला फोन. दुर्मिळपणा सरला आणि त्यावर पोसलेल्या कित्येक संस्थांनी मान टाकली.

हे ठाऊक असूनही आम्ही तोच मार्ग धरला. प्रक्षेपक भाड्याने आणला, पडदा शिवून घेतला, एका शाळेचे सभागृह मिळविले, आणि पहिल्या वर्षी बर्गमन, ब्रेसाँ, ओझू असे एकाहून एक थोर दिग्दर्शक दाखविले. मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या होत. चर्चेस कार्यकारिणीचे आम्ही पाच जण उरत असू. आणि आमचे आधीच एकमत असे!

लोकांस अभिरुची नाही, असे म्हणून आम्ही समाधान मानणार होतो. पण हेग्गोडूचे उदाहरण ते मानू देत नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातले हे सुपारीच्या बागांचे लहानसे खेडे. तेथे १९४९ साली निघालेल्या ‘नीनासम्’ ह्या नाट्यसंस्थेने के. व्ही. सुब्बण्णांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये ‘चित्रसमाज’ काढला, आणि जगातले श्रेष्ठ चित्रपट शेतकऱ्यांपुढे ठेवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तेथे रसास्वादाचे वर्ग घेण्यास जात. पण मर्म चित्रपटांच्या यादीत नव्हते. तेथे नाटकाच्या निमित्ताने माणसे आधीच वर्षानुवर्षे एकत्र बसत होती, आणि सुब्बण्णा चित्रकलेची ही नवी भाषा त्यांना त्यांच्याच कन्नडात समजावून देत होते. आम्ही मात्र इंग्रजी उपशीर्षकांच्या भरवशावर शेजाऱ्यांस अंधारात बसविले होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ सालचा हा प्रभातचा बोलपट आम्ही प्रत्येकाने अनेकदा पाहिलेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम हाच त्याचा प्राण, असे आमचे ठरलेले मत होते. त्या रात्री सभागृह बायका-मुलांनी भरले होते. आजारी पोराला घेऊन जिजाई देवळात जाते आणि पायताण उगारून विठोबाला जाब विचारते, त्या प्रसंगी आम्हांस नेहमी हसू येई. तेथे मागल्या रांगेतल्या बायका हसल्या नाहीत. एकदम शांत झाल्या. नंतर त्यांपैकी एक बाई म्हणाल्या, “तो वैकुंठाला गेला, ते ठीकच. पण घरी चूल कोणी पेटवायची?” दामले-फत्तेलाल ह्यांनी तो चित्रपट किती समतोल तोलला आहे, गौरीबाईंची जिजाई ही भक्तीची विटंबना नसून संसाराचा कसा पूर्वपक्ष आहे, हे आम्हांस एवढ्या वर्षांनी त्या शांततेने दाखविले. फोनवर एकट्याने पाहणाऱ्यास ती शांतता कोठून मिळणार? चित्रपट तोच होता. त्याचा अर्थ त्या बाकांवर बसलेला होता.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. आरंभी कोणीतरी पाच मिनिटे मराठीत बोलतो, मुलांस मज्जाव नाही, वार व वेळ बदलत नाही, आणि निवडीत त्या मागल्या रांगेचे दोन प्रतिनिधी असतात. बाकीच्या कटकटींचे वर्णन नको. एवढेच सांगतो की, घरी पाहण्यासाठी घेतलेल्या तबकडीबरोबर ती सभेत दाखविण्याचा हक्क येत नाही, हे उत्साही मंडळांनी आधी ध्यानी घ्यावे.

ह्या बदलामुळे दर्जा खालावला, असे म्हणून आमच्या एका संस्थापक स्नेह्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या पत्रातल्या बहुतेक मुद्द्यांस आम्ही उत्तर दिले. एकास मात्र अजून देता आलेले नाही. त्यांनी विचारले आहे : “मग ओझू केव्हा?”