दुसऱ्या समितीने काय केलं असतं?

पेपर नाकारल्याचा मेल आला की आपण आधी गुण बघतो. ६, ६, ४. मग त्या चारवाल्या रिव्ह्यूअरला मनातल्या मनात शिव्या घालतो. मीही गेल्या वर्षी तेच केलं. आठवडाभर फाइलच उघडली नाही. त्या रिकाम्या आठवड्यात एका प्रयोगाबद्दल नीट वाचलं, ते तुम्हाला सांगतो.

निप्स (आताचं न्यूरिप्स) ही मशीन लर्निंगमधली फार मोठी परिषद. संगणकशास्त्रात बऱ्याचदा जर्नलपेक्षा परिषदेतल्या पेपरलाच जास्त वजन असतं, हे इतर शाखांतल्या वाचकांना विचित्र वाटेल, पण तसं आहे खरं. २०१४ मध्ये तिच्या प्रमुख कोरिना कोर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. दोघींनी नाकारलेले १०१, दोघींनी घेतलेले २२. उरलेल्या ४३ पेपरांवर एकीचं ‘हो’, दुसरीचं ‘नाही’. म्हणजे एका समितीने निवडलेल्यांपैकी जवळपास निम्मे पेपर दुसरीकडे गेले असते तर परत आले असते!

याला लगेच लॉटरी म्हणू नका. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर दोन्ही यादींत सारखे साधारण ११ पेपर आले असते. इथे २२ आले. पुढे २०२१ मध्ये याच दोघांनी त्या पेपरांचा माग काढला. नाकारलेल्या पेपरांत रिव्ह्यूचे गुण आणि नंतरची सायटेशन्स यांचा थोडा मेळ दिसला, स्वीकारलेल्यांत दिसलाच नाही. (सायटेशन ही काही फार भरवशाची फूटपट्टी नाही, पण दुसरी आणायची कुठून?) थोडक्यात, कच्चा पेपर समितीला ओळखता येतो. चांगल्यातला जास्त चांगला कुठला, हे ओळखायला तिला फारसं जमत नाही.

त्याच वर्षी परिषदेने प्रयोग पुन्हा केला. या वेळी ८८२ पेपर, आणि मतभेद सुमारे २३ टक्के. पेपरांची संख्या पाचपटीहून जास्त वाढली, तरी गोंधळ वाढला नाही, असा समाधानाचा सूर आयोजकांनी लावला. मला तो पटत नाही. सात वर्षांपूर्वीची चूक तेवढीच राहिली, याचं कौतुक कशाला? आयोजकांनी स्वतःची चूक स्वतः मोजून जाहीर केली, हे मात्र मोठं काम आहे. बाकी कितीजण करतात? पण पुढे काय? निकालाच्या पत्रात अजूनही एकच शब्द येतो, आणि तुमचा पेपर त्या काठावरच्या घोळक्यात होता की नव्हता, हे कोणी सांगत नाही.

परिषदेपुरतं असतं तर चाललं असतं. माझ्या फेलोशिपच्या वार्षिक फॉर्मवर रकाना आहे, ‘स्वीकृत पेपर’. तिथे मी शून्य लिहिलं. समितीतल्या सरांनी विचारलं, “मग वर्षभर केलंत काय?” आता त्यांना १६६ पेपरांची गोष्ट कुठून सांगू?

तुमचाही पेपर परत आला असेल तर दोन रिव्ह्यूअरनी वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार केली आहे का, तेवढं बघा. माझ्या बाबतीत होती: तुलनेसाठी घेतलेली पद्धत जुनी होती. ती बदलली. चारवाल्याचं बाकीचं सगळं सोडून दिलं. नवी डेडलाइन ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ पद्धतीची आहे, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ पर्यंत. आकृती ३ अजून बाकी आहे.